शिशाचें दार

नगरहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नेवासे तालुक्यांत घोडेगांव लागतें. कांद्याचा बाजार आणि जनावरांचा बाजार या दोहोंमुळें हें नांव दूरदूरच्या शेतकऱ्यांना व व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. शनिभक्तांना तें आणखी एका कारणानें ठाऊक आहे, कारण शिंगणापुराकडे जाणारी वाट येथूनच फुटते. शिंगणापूर हें बिनकवाडांच्या घरांचें गांव. घराला दार न लावण्याची तेथील परंपरा पाहण्यासाठीं परप्रांतांतूनहि माणसें येतात. अशा या टापूंतील एखादा साठीपासष्टीचा शेतकरी, जन्मभर विडी ओढलेला आणि दहाबारा वर्षें मधुमेहानें पोखरलेला, पायाचें बोट काळें पडलें म्हणून शहरांतील मोठ्या रुग्णालयांत जातो, तेव्हां त्याला ज्या खोलींत नेतात तिच्यासारखें दार त्यानें पूर्वीं कधींहि पाहिलेलें नसतें. तें दार जड असतें. त्याच्या पोटांत शिशाचा पत्रा बसविलेला असतो, आणि वरचा तांबडा दिवा लागला कीं उगाच आंतबाहेर करण्याची सर्वांना मनाई असते. चोरानें आंत येऊं नये यासाठीं तें दार नाहीं. आंतल्या किरणांनीं बाहेर जाऊं नये यासाठीं आहे.

या खोलीला रुग्णालयांतील मंडळी कॅथलॅब म्हणतात. पाय मांडींतून कापावा लागेल, असें जेथें पूर्वीं निरुपायानें सांगितलें जात असे, तेथें आतां जांघेंतील धमनींत सुई घालून तिच्यामधून एक बारीक तार, आणि तारेवरून एक पोकळ नळी, सरकवीत सरकवीत अडथळ्यापर्यंत नेतात. तेथें फुगा फुगवितात आणि जरूर पडल्यास जाळी बसवून वाट मोकळी ठेवतात. हृदयाच्या धमन्यांत हेंच काम हृदयरोगतज्ज्ञ करतात, आणि त्याची माहिती आज घरोघरीं आहे. पण या विद्येचा पसारा त्याहून मोठा आहे. मेंदूंतील फुगलेली रक्तवाहिनी आंतून वेटोळें भरून बंद करणें, यकृतांतील गांठीचा रक्तपुरवठा तोडून तिच्यांतच औषध सोडणें, काविळीच्या रोग्याची तुंबलेली पित्तनलिका उघडणें, जुन्या क्षयानें फुप्फुस पोखरलेल्या माणसाला रक्ताच्या गुळण्या होऊं लागल्या असतां वाहणारी धमनी शोधून बुजविणें, हीं सारीं कामें टिचभर छेदहि न घेतां होतात. इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी हें तिचें रूढ नांव. क्ष-किरणांच्या नजरेखालीं देहांत शिरून केलेला उपचार, असा त्याचा अर्थ सांगतां येईल.

या विद्येचा पूर्वेतिहास मोठा धाडसाचा आहे. जर्मनींतील एबर्सवाल्ड येथें १९२९ सालीं वेर्नर फोर्समान नांवाच्या तरुण डॉक्टरनें स्वतःच्याच कोपराजवळील शिरेंत नळी घालून ती हृदयापर्यंत सरकविली, आणि ती तशीच हातांत रुतलेली असतां क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन छायाचित्राचा पुरावा मिळविला. त्या काळीं त्याच्या वांट्याला कौतुकापेक्षां टीकाच अधिक आली. १९५६ सालीं मात्र नोबेल पारितोषिकाचा वांटा त्याला मिळाला. सुईमागून तार आणि तारेवरून नळी ही युक्ति स्वीडनमधील सेल्डिंगर यानें १९५३ सालीं सांगितली. पुढें ता. १६ जानेवारी १९६४ रोजीं अमेरिकेंतील पोर्टलंड येथें चार्ल्स डॉटर यानें ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायांतील आंखडलेली धमनी तारेवरून एकाहून एक जाड नळ्या घालून मोकळी केली. तिचा पाय सडूं लागला होता. तो कापावा असा सल्ला तिला मिळाला होता, आणि तिनें तो साफ नाकारला होता. त्यानंतर ती जगली तोंवर आपल्या दोन्ही पायांवर चालली. नेवाशाच्या शेतकऱ्याच्या पायांत आज जी तार सरकते ती त्या म्हातारीच्या हट्टाची वंशज म्हटली तरी चालेल.

आतां, देहाच्या आंत तार कोठवर पोंचली हें डॉक्टरांना डोळ्यांनीं दिसत नाहीं. त्यांना पाहावयाचें तें क्ष-किरणांच्या साहाय्यानें पडद्यावर. छातीचें साधें छायाचित्र काढावयाचें तर किरण निमिषाच्या अंशापुरतेच लागतात. त्यांची मात्रा सुमारें ०.०२ मिलिसीव्हर्ट इतकी असते. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांकडून प्रत्येक मनुष्याला कांहींएक किरण सतत मिळतच असतात, आणि जगाची सरासरी धरली तर ते वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट भरतात. म्हणजे छातीच्या एका चित्राचा हिशेब निसर्गाच्या तीन दिवसांच्या देण्याइतका. कॅथलॅबमध्यें मात्र स्थिर चित्रानें भागत नाहीं. तेथें हालतें चित्र लागतें. डॉक्टरांच्या पायाखालीं एक पेडल असतें; तें दाबलें कीं किरण वाहूं लागतात, सोडलें कीं थांबतात. सोपा उपचार असेल तर सारें मिळून कांहीं मिनिटें, कठीण असेल तर तास दीड तास किरण वाहतात. आणि या सर्व काळांत रोग्याला कांहींच कळत नाहीं. ऊब लागत नाहीं, वास येत नाहीं, चटका बसत नाहीं. विस्तवाला देवानें जी सूचना देण्याची शक्ति दिली ती या किरणांना दिलेली नाहीं.

कांद्याच्या बाजारांतील माणसाला यापुढची गोष्ट कांद्यावरूनच उत्तम समजेल. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांव येथें भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रानें २००२ सालीं 'कृषक' नांवाचें केंद्र उभें राहिलें. साठवणींतील कांद्याला कोंब फुटूं नये म्हणून तेथें कोबाल्टच्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे इतकी मात्रा देण्याची योजना करण्यांत आली. एका किलोग्रॅम पदार्थांत किरणांची एक ज्यूल ऊर्जा मुरली म्हणजे ती मात्रा एक ग्रे. ही ऊर्जा उष्णतेच्या मापानें इतकी क्षुद्र आहे कीं कांदा कोमटसुद्धां होत नाहीं. परंतु त्याच्या गाभ्यांतील ज्या पेशी दुणावून कोंब व्हावयाच्या, त्यांची दुणावण्याची शक्ति नाहींशी होते. मनुष्याच्या देहांतहि असे कोंब आहेत. कातडीचा खालचा थर रोज नव्या पेशी घडवीत असतो, केसांचीं मुळें वाढत असतात, आणि डोळ्यांतील भिंगावरचा नाजुक थर सावकाश कां होईना, जन्मभर वाढतच असतो. किरण प्रथम यांनाच गांठतात. आणि येथें ६० ग्रेपर्यंत जाण्याची जरूर नसते. कातडीच्या एकाच जागीं २ ग्रे पडले कीं तिच्यावर क्षणिक लाली येऊं शकते.

कांद्यावरून आणखी एका भ्रमाचें निरसन होतें. क्ष-किरण घेऊन आलेल्या माणसाजवळ लहान मुलांना बसूं देऊं नये, त्याच्या अंगांतून किरण निघतात, अशी समजूत शिकल्यासवरल्या घरांतहि आढळते. किरण दिलेला कांदा जसा स्वतः किरण सोडीत नाहीं, तसाच पेडलवरचा पाय उचलल्यानंतर रोगीहि सोडीत नाहीं. आजोबांनीं खुशाल नातवंडाला मांडीवर घ्यावें.

खरी काळजी निराळ्या ठिकाणीं आहे. पायाच्या धमनीचा उपचार बहुधा थोडक्या किरणांत आटोपतो. पण त्याच रुग्णालयांत त्याच आठवड्यांत, हृदयाची पूर्णपणें बुजलेली जुनी धमनी उघडून घेण्यासाठीं त्याच गांवचा दुसरा कोणी आलेला असतो. बुजलेल्या वाटेंतून तार पुढें सरकत नाहीं. ती वाकते, परत येते, पुन्हा घातली जाते. किरणांची नळी टेबलाखालीं असते, म्हणून झोत शिरतो तो पाठींतून. बराच वेळ झोताची दिशा न बदलतां काम चाललें तर पाठीवरील तळहाताएवढ्या एकाच जागेवर सारी मात्रा सांचत जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९९४ सालीं अशा जखमांबद्दल डॉक्टरांना जाहीर इशारा दिला. त्यांतील गणित असें होतें कीं, यंत्र नेहमींच्या वेगानें चाललें तर कातडीवर २ ग्रे पडावयास शंभरएक मिनिटें लागतात. पण चित्र अधिक स्पष्ट दिसावें म्हणून यंत्र जोरानें चालविलें तर तेंच काम दहा मिनिटांत होतें. बहुसंख्य उपचार या मर्यादेच्या आंतच संपतात, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. जे संपत नाहींत त्यांचा हिशेब पुढें असा चालतो: ३ ग्रेच्या आसपास तिसऱ्या आठवड्यांत त्या जागेचे केस गळतात, ६ ग्रेच्या आसपास दहाएक दिवसांनीं ठळक लाली येते, १५ ग्रे ओलांडल्यावर महिन्याभरानें कातडीचे पापुद्रे सुटूं लागतात, आणि त्याहूनहि वर गेल्यास कांहीं महिन्यांनीं खोल व्रण पडतो. तो आपण होऊन भरत नाहीं, दुसरीकडची कातडी आणून लावावी लागते.

या साऱ्यांत शब्द महत्त्वाचा आहे तो 'महिन्याभरानें'. तोंवर रोगी घरीं परतलेला असतो, हृदय चांगलें चाललेलें असतें, आणि मोठ्या डॉक्टरांकडे जाण्याचें कारण उरलेलें नसतें. अंघोळीच्या वेळीं पाठ चोळतांना घरांतील कोणाच्या तरी ध्यानांत येतें कीं खांद्याच्या फऱ्याखालीं एक तांबूस चट्टा उठला आहे. तो चौकोनी असतो, कडा आंखल्यासारख्या सरळ असतात. गांवांतले डॉक्टर पाहतात आणि विचारतात, "आबा, मोठ्या दवाखान्यांत पाठीला कांही चिकटवलं होतं का?" आबा सांगतात, "नाही हो डॉक्टर, सगळं मनगटातून केलं. पाठीला कोणी हातसुद्धा लावला नाही." आबांचें बोलणें अक्षरशः खरें असतें, आणि म्हणूनच तें वाट चुकवितें. मग तो चट्टा कधीं गजकर्ण ठरतो, कधीं नागीण, कधीं अंथरुणावर पडून राहिल्यानें झालेला व्रण. मलमें बदलतात. शेवटीं निदानासाठीं त्या जागेचा तुकडा काढला जातो, आणि किरणांनीं दुबळी झालेली ती कातडी त्या लहानशा जखमेनेंहि कायमची उघडी पडूं शकते. गांवच्या डॉक्टरांचा यांत दोष थोडा. ज्या कागदावर आबांना घरीं पाठविलें, त्यावर जाळीची लांबी, औषधांचीं नांवें, मीठ कमी खाण्याचा उपदेश, सारें असतें. पाठीवर किती किरण पडले तो आंकडा तेवढा नसतो.

हा आंकडा अप्राप्य आहे असें मात्र नाहीं. आजचीं यंत्रें तो स्वतःच मोजतात आणि उपचार संपतांच पडद्यावर दाखवितात. क्ष-किरणांपासून संरक्षण कसें करावें याचा विचार करणारें जें आंतरराष्ट्रीय मंडळ १९२८ सालीं स्टॉकहोम येथें स्थापन झालें, त्यानें २००० सालीं केवळ या उपचारांतील इजा टाळण्याविषयीं एक स्वतंत्र पुस्तिका काढली. मात्रा लिहून ठेवावी, ती मोठी असेल तर रोग्यास व त्याच्या नेहमींच्या डॉक्टरांस तसें कळवावें, हें तींत सांगितलें आहे. यंत्राच्या मोजणीप्रमाणें ५ ग्रेचा आंकडा ओलांडला तर रोग्याची पुढेंहि विचारपूस करीत राहावें, असा या विद्येच्या तज्ज्ञांचा संकेत आहे. त्यासाठीं खर्च येतो तो एका ओळीच्या शाईचा.

आतां खोलींतील दुसऱ्या माणसांकडे वळूं. झोत त्यांच्यावर रोखलेला नसतो. पण धुक्यावर कंदिलाचा उजेड टाकला असतां धुकेंच जसें उजळून निघतें, तसे रोग्याच्या देहावर पडलेले किरण आपटून चोहोंकडे विखुरतात. त्या घटकेपुरता रोग्याचा देह हाच दिवा बनतो. त्याच्यापासून एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला, रोग्याच्या कातडीवर पडणाऱ्या मात्रेचा सुमारें एक हजारांश भाग मिळतो. हा भाग क्षुद्र वाटतो. परंतु रोगी या खोलींत जन्मांत एकदोनदां येतो, आणि डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ व वॉर्डबॉय पंचवीस-तीस वर्षें रोज येतात. बहुधा रोग्याच्या उजव्या बाजूला उभें राहून काम करावें लागतें, म्हणून डॉक्टरांची डावी बाजू झोताला अधिक जवळ असते. डावा डोळा, डावा हात, डावा पाय यांच्यावर उजव्यापेक्षां अधिक भार पडतो. भुलीचे डॉक्टर रोग्याच्या उशाशीं असतात. त्यांची आठवण पुष्कळदां कोणालाच राहत नाहीं, त्यांना स्वतःलासुद्धां.

पूर्वींच्यांनीं या अज्ञानाची किंमत दिली आहे. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ सालीं. दुसऱ्याच वर्षापासून एडिसनच्या प्रयोगशाळेंतील क्लॅरेन्स डॅली हा सहायक क्ष-किरणांच्या नळ्या आपल्याच हातावर पारखून पाहूं लागला. हात भाजले, व्रण चिघळले, हात कापावे लागले, आणि १९०४ सालीं तो मरण पावला. एडिसननें या किरणांचा नाद सोडला. जर्मनींत हांबुर्ग येथील एका रुग्णालयाच्या आवारांत १९३६ सालीं एक दगडी स्मारक उभारण्यांत आलें. क्ष-किरण व रेडियम यांच्या सेवेंत बळी पडलेल्या नाना देशांच्या माणसांचीं नांवें त्यावर कोरलेलीं आहेत. असे उघडे बळी आज जात नाहींत. आजची इजा मुकाट्यानें येते, आणि ती प्रथम डोळ्यांत येते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकारानें २००८ पासून निरनिराळ्या देशांत हृदयरोगतज्ज्ञांचे व त्यांच्या परिचारिकांचे डोळे तपासले गेले, तेव्हां इतरांच्या मानानें त्यांच्या भिंगाच्या मागच्या भागांत धूसरपणा अधिक प्रमाणांत आढळला. ज्या मात्रेला डोळा सुरक्षित समजला जात होता ती समजूतच चुकली होती. म्हणून २०११ सालीं वर उल्लेखिलेल्या मंडळानें डोळ्याच्या भिंगासाठीं कामगाराची वार्षिक मर्यादा १५० मिलिसीव्हर्टवरून एकदम २० वर आणण्याची शिफारस केली.

बचावाचीं साधनें साधीं आहेत. अंगावर शिशाचा अॅप्रन, गळ्याभोंवतीं शिशाचा पट्टा, डोळ्यांवर शिशाच्या कांचेचा चष्मा, टेबलाच्या कडेला लोंबणारा शिशाचा पडदा, आणि छताला टांगलेली, हवी तशी ओढतां येणारी पारदर्शक ढाल. अर्धा मिलिमीटर शिशाच्या तोडीचा अॅप्रन विखुरलेल्या किरणांपैकीं शेंकडा ९० हून अधिक अडवितो. त्याचें ओझें कांहीं किलोचें असतें. दिवसभर तें वागवून कित्येकांच्या कंबरा व माना कायमच्या दुखूं लागतात, ही तक्रार खरी आहे आणि तिची थट्टा करूं नये. पण हाच अॅप्रन काम संपल्यावर घडी करून खुर्चीवर फेकला जातो, तेव्हां आंतील शिशाच्या थराला घडीवर भेगा जातात. बाहेरून कांहीं दिसत नाहीं. अॅप्रन खुंटीवर सरळ टांगावा आणि ठराविक मुदतीनें तो क्ष-किरणांखालींच धरून पाहावा, म्हणजे फाटलेलें चिलखत घालून लढाईला जाण्याची पाळी येत नाहीं. छताची ढाल तर पुष्कळ ठिकाणीं भिंतीकडे ढकललेली आढळते, कामांत अडचण होते म्हणून. डोळे वांचविणारें सर्वांत मोठें साधन तेंच.

या खोलींतील प्रत्येकाच्या छातीवर, अॅप्रनच्या आंतून, एक लहानसा बिल्ला असावयास पाहिजे. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. त्यांत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात, डिस्प्रोशियम नांवाच्या धातूचा किंचित् अंश मिसळलेल्या. किरण लागले कीं त्यांची ऊर्जा या चकत्या पोटांत सांठवून ठेवतात. प्रयोगशाळेंत नेऊन तापविल्या कीं तीच ऊर्जा प्रकाशाच्या रूपानें बाहेर टाकतात, आणि त्या प्रकाशावरून त्या माणसाला किती किरण मिळाले तें कळतें. तीन महिन्यांनीं बिल्ला बदलावयाचा, जुना मोजणीला पाठवावयाचा. भारतांत अशा कामगाराला लागोपाठच्या पांच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याहि एका वर्षांत ३० पेक्षां अधिक नाहीं, अशी मर्यादा आहे. इतकी चोख व्यवस्था असूनहि बिल्ला पुष्कळदां टेबलाच्या खणांत पडून राहतो. कधीं विसर पडतो म्हणून, आणि कधीं, हें कारण अधिक गंभीर, आंकडा मोठा आला तर चौकशी होईल, काम थांबेल, या भीतीनें. खणांतला बिल्ला शून्य दाखवितो, आणि तें शून्य त्या माणसाच्या नांवावर लिहिलें जातें. ताप लपविण्यासाठीं थर्मामीटर गार पाण्यांत बुडविण्याचाच हा प्रकार.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतां येईल. अणुऊर्जा नियामक मंडळ ता. १५ नोव्हेंबर १९८३ रोजीं स्थापन झालें. त्याची कचेरी मुंबईस अणुशक्तिनगरांत आहे. २००४ सालच्या किरणसंरक्षण नियमांखालीं अशा उपचारांचें यंत्र या मंडळाच्या परवान्यावांचून चालवितां येत नाहीं. भिंतींची जाडी, दारांतलें शिसें, शिकविलेलीं माणसें, नेमलेला किरणसुरक्षा अधिकारी, हें सारें त्यांत येतें. परवाना भिंतीवर लावतां येतो. पेडलवरच्या पायाला मात्र कोणताहि परवाना आवरूं शकत नाहीं.

सारी कथा शेवटीं त्या पायापाशीं येते. नवशिका माणूस पेडल दाबून ठेवतो आणि पडद्याकडे पाहत विचार करतो. मुरलेला माणूस क्षणभर दाबतो, सोडतो, आणि पडद्यावर थिजून राहिलेल्या शेवटच्या चित्राकडे पाहून विचार करतो. हालतें चित्र खरोखर एकामागून एक येणाऱ्या ठिणग्यांचें बनलेलें असतें. सेकंदाला ३० ठिणग्यांऐवजीं १५ किंवा साडेसात चालत असतील तर चित्र किंचित् अडखळतें, पण मात्रा बरीच उतरते. झोताचीं कवाडें आंवळून जरुरीपुरतीच जागा उजळावी. चित्र ग्रहण करणारी तबकडी रोग्याच्या शक्य तितकी जवळ आणि किरणांची नळी शक्य तितकी दूर असावी. लांबलेल्या उपचारांत झोताचा कोन मधून मधून थोडा बदलावा, म्हणजे एकाच कातडीवर सारा भार येत नाहीं. रोग्याचा देह जितका जाड, तितका यंत्राचा जोर आपोआप वाढतो, म्हणून स्थूल रोग्याच्या बाबतींत दुप्पट सावध असावें. चित्रांची कायमची फीत घेतांना किरण नुसत्या पाहण्याच्या मानानें कितीतरी पटीनें अधिक लागतात. त्या वेळीं ज्याचें टेबलापाशीं काम नाहीं त्यानें दोन पावलें मागें सरावें. अंतर दुप्पट झालें कीं मात्रा चतुर्थांशावर येते, आणि या औषधाला पैसा पडत नाहीं.

नीट पाहिलें तर यांतील बहुतेक उपाय रोग्यासाठीं आणि सेवकांसाठीं निरनिराळे नाहींत. विखुरणारे किरण रोग्याच्या देहांतून येतात. त्याच्या पाठीवरची मात्रा निम्मी झाली कीं डॉक्टरांच्या डोळ्यांवरचीहि निम्मी होते. आपली काळजी घेणारा डॉक्टर नकळत रोग्याची घेतो, आणि रोग्याची घेणारा आपली. वैद्यकांत अशी सोय क्वचितच आढळते.

ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी या खोलींत जाऊन आलें असेल, किंवा पुढें जाईल. किरणांच्या भयानें हा उपचार नाकारणें हा शुद्ध अविचार होय. सडणारा पाय, बुजलेलें हृदय किंवा फुटूं पाहणारी मेंदूंतली नस यांच्यापुढें पाठीवरची लाली कांहींच नाहीं. विचारावयाच्या गोष्टी दोनतीनच आहेत. रोगी स्त्री असेल आणि दिवस गेल्याची शंका असेल तर तें न लाजतां आधींच सांगावें. पूर्वीं असा उपचार झालेला असेल तर केव्हां व कोठें तें सांगावें, कारण कातडीला जुनी मात्रा आठवत असते. आणि घरीं निघतांना, किरणांचा आंकडा डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावा. खोलींत काम करणाऱ्या स्त्रीला दिवस गेले असतील तर तिनेंहि तें लवकर कळवावें; कळविल्यापासून पुढें गर्भाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक पोंचूं नये अशी मर्यादा आहे, आणि ती पाळून तिला काम करतां येतें.

उपचार संपतो. तांबडा दिवा मालवतो, शिशाचें दार उघडतें, आबांना ढकलगाडीवरून बाहेर नेतात. दारापाशीं मुलगा उभा असतो; वडिलांच्या तोंडाकडे पाहून त्याचा जीव खालीं पडतो. आंत तंत्रज्ञ पुढच्या रोग्याचें नांव यंत्रांत घालूं लागतो. पडद्याच्या कोपऱ्यांत मघाचा आंकडा अजून दिसत असतो, आणि टेबलावर डिस्चार्ज कार्डाचा कोरा कागद पडलेला असतो.